दहावीनंतर काय? उत्तर पोराच्या मोबाईलवर सापडलं पाहिजे, एजंटाच्या खिशात नको



1 जूनला बंदी लागली, नौका वर घेतल्या, इंजिनं खोलली, जाळी घरात आली. 31 जुलैपर्यंतचे हे 61 दिवस आपल्या अंगवळणी पडलेत. पण याच दिवसांत घरात आणखी एक काम चाललेलं असतं आणि त्याची सवय अजून कुणालाच झालेली नाही. दहावी-बारावी झालेल्या पोरांचं पुढं काय करायचं, हे ते काम. निकाल मे-जूनमध्ये लागतात. अकरावी, आयटीआय, डिप्लोमा यांची धावपळ जून-जुलैत. बाप त्या वेळी घरी असतो हे खरं, पण हातात पैसा नसतो, आहे तो नौकेच्या डागडुजीला जातो. पुढं ऑगस्टात तो समुद्रात गेला की कित्येक दिवस फोन लागत नाही, आणि नेमका तेव्हाच पोराच्या फोनवर मेसेज येतो: उद्या शेवटची तारीख.

म्हणून सोसायटीनं ठरवलंय की आपल्या मुलामुलींसाठी शिक्षण आणि नोकरीच्या माहितीची एक साधी वेबसाइट करायची. कॉम्प्युटरवर थोडं बोट चालतं म्हणून काम माझ्याकडे आलं. "दोन दिवसांचं काम आहे," असं मी सभेत बोलून गेलो होतो. त्याला आता चार महिने झाले. या चार महिन्यांत काय कळलं ते लिहितोय, कारण साइट उघडण्याआधी तुमच्याशी बोलणं गरजेचं आहे.

सुरुवात कशावरून झाली ते आधी सांगतो. आपल्या बंदरावरच्या एका घरातला मुलगा दहावी पास झाला. समुद्राची भीती नाही, अंगात ताकद आहे, म्हणून मर्चंट नेव्हीत जायचं ठरलं. ओळखीतून एक एजंट भेटला. सीडीसी काढून देतो, ती झाली की नोकरी पक्की, पगार डॉलरमध्ये. घरच्यांनी दागिने गहाण टाकले. पैसे हप्त्याहप्त्यानं गेले. ऑफर लेटर आलं, त्यावर जहाजाचं नावही होतं. मग एजंटाचा फोन बंद झाला. नाव कुणाचंच लिहीत नाही, त्या घराला पुन्हा चारचौघांत यायचंय. पण त्या पोराचा बाप मला एवढंच म्हणाला, "बाबा, दर्यात वारा फिरला तर मला कळतं. हे कागद बघून मला काय कळणार?"

आता यातली खोच बघा. जी माहिती त्या घराला वाचवू शकली असती ती गुप्त नव्हती. नौवहन महासंचालनालय, म्हणजे आपण ज्याला डीजी शिपिंग म्हणतो, त्याच्या साइटवर मान्यताप्राप्त भरती कंपन्यांची यादी आहे. प्रत्येक कंपनीला आरपीएसएल नावाचा परवाना नंबर असतो. नंबर नसेल तर ती कंपनी पोरांना जहाजावर पाठवूच शकत नाही. आणि परवाना असलेल्या कंपनीलाही नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. भारताचे 2016 चे भरतीचे नियम हेच सांगतात, आणि 2006 चा जगभरचा सागरी कामगार करारही हेच सांगतो, जो भारतानं 2015 साली मान्य केला. सीडीसी म्हणजे नोकरी नव्हे, ते खलाशाचं ओळखपुस्तक आहे. बँकेचं पासबुक असलं म्हणून खात्यात पैसे असतात का? तसंच.

माहिती होती, पण इंग्रजीत, पाचव्या पानावर, आणि 'आरपीएसएल' हा शब्द आधीच माहीत असेल तरच सापडेल अशा ठिकाणी. एजंट मात्र जेट्टीवर उभा होता आणि मराठीत बोलत होता. आपली स्पर्धा त्याच्याशी आहे, हे माझ्या डोक्यात तेव्हा पक्कं बसलं.

या काळातच मला भोपाळला जावं लागलं. ताई तिकडे दिलेली, तिचं घर शिवाजी नगरात. शिवाजी नगर म्हटलं की आपल्याला पुण्याचं स्टेशन आठवतं, पण भोपाळचं शिवाजी नगर म्हणजे सरकारी क्वार्टर आणि मोठमोठी जुनी झाडं. 2024 साली इथं आणि शेजारच्या तुळशी नगरात मंत्री-आमदारांची घरं बांधायला हजारो झाडं तोडायचा बेत होता. लोक रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारून उभे राहिले आणि सरकारला बेत सोडावा लागला. ताई हे सगळं कौतुकानं सांगते. असो.

याच शिवाजी नगरात मध्य प्रदेशच्या बोर्डाचं मुख्य ऑफिस आहे. माध्यमिक शिक्षा मंडल हे पूर्ण नाव कुणी घेत नाही, 'बोर्ड ऑफिस चौराहा' म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. या बोर्डाची विद्यार्थ्यांसाठी फुकटातली हेल्पलाइन आहे. परीक्षेच्या आणि निकालाच्या दिवसांत पोरं आणि आईबाप तिथं फोन करतात आणि समोर समुपदेशक बसलेले असतात. मार्क, फेरतपासणी, भीती, रडारड, आणि 'आता पुढं काय करू' हा प्रश्न. झाबुआच्या पाड्यावरचं पोर असो की बैतूलचं मराठी बोलणारं घर, भोपाळचं तिकीट काढायची गरज नाही.

राज्याचं ओपन स्कूलही शिवाजी नगरातच. त्यांनी 2016 साली नापास झालेल्यांसाठी एक योजना काढली: ज्या विषयात नापास त्याच विषयाची पुन्हा परीक्षा, वर्ष फुकट जाऊ द्यायचं नाही. योजनेचं नाव 'रुक जाना नहीं'. मला ते नाव फार आवडलं. आपल्याकडेही नापास मुलांसाठी पुरवणी परीक्षा आहे, सोय साधारण तीच. पण 'पुरवणी परीक्षा' हा ऑफिसातला शब्द आहे आणि 'रुक जाना नहीं' हे कुणीतरी पोराच्या खांद्यावर हात ठेवून बोलल्यासारखं आहे. घाबरलेलं पोर कशावर बोट ठेवेल, तुम्हीच सांगा. वेबसाइट सोपी करायची म्हणजे बटणांचे रंग बदलायचे असं मी समजत होतो. ती खरं तर नावापासून सोपी करावी लागते.

तिथल्या बड्या तलावावरही फिरून आलो. राजा भोजाच्या नावाचा हा तलाव, त्यावरही मासेमारी चालते. आपल्यासारखीच माणसं, फक्त पाणी गोडं.

परत आल्यावर एक काम केलं. आधीच कुणी काय करून ठेवलंय ते नीट पाहिलं. उगाच दुसऱ्याच्या जाळ्यावर जाळं टाकण्यात अर्थ नाही.

तसं बरंच काही झालेलं आहे. केंद्राच्या कामगार मंत्रालयानं 20 जुलै 2015 ला नॅशनल करिअर सर्व्हिस नावाचं पोर्टल सुरू केलं. नोकऱ्या, मेळावे, सल्ला सगळं त्यात आहे, आणि 1514 हा फोन नंबरही. आपल्या राज्यात 2016 साली बोर्डानं पुण्याच्या श्यामची आई फाउंडेशनच्या मदतीनं दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली होती, ती अनेकांना आठवत असेल. शाळेतल्या कॉम्प्युटरवर प्रश्न सोडवायचे आणि मुलाचा ओढा कुठं आहे ते कळायचं. तसलाच करिअर मित्र उपक्रम पुढं मध्य प्रदेशातही गेला. कल चाचणीत क्षेत्रं सात होती: कृषी, कला-मानव्य, वाणिज्य, ललित कला, आरोग्य आणि जैविक विज्ञान, तांत्रिक, गणवेशधारी सेवा. वाईट काही नव्हतं त्यात. पण आपल्या पोराचा कल दर्याकडे असेल तर त्यानं कुठल्या रकान्यात बसायचं? मग मे 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या वेळी, शिक्षण खात्यानं युनिसेफच्या साथीनं महाकरिअर पोर्टल आणलं. नववी ते बारावीच्या मुलांसाठी, शेकडो करिअर, हजारो कॉलेजं, शिष्यवृत्त्या, प्रवेश परीक्षा. मेहनत मोठी आहे, नाकारत नाही. आत जायला मात्र विद्यार्थ्याचा सरल आयडी लागतो आणि तो शाळेकडे असतो. जे पोर शाळेत आहे त्याचं ठीक. ज्यानं दोन वर्षांपूर्वी नववीत शाळा सोडली आणि जो आता नौकेवर खलाशी म्हणून जातो, त्याच्याकडे आयडी कुठला? त्यालाच तर सगळ्यात जास्त गरज आहे.

तेव्हा पहिला निर्णय झाला: आपल्या साइटवर लॉगिन नाही. नाव नको, नंबर नको, आधार तर अजिबात नको. यामागं दुसरंही कारण आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागते. आपल्याला माहिती द्यायची आहे, घ्यायची नाही. मग तो व्याप कशाला? शिवाय पोरांचे नंबर एका ठिकाणी जमा झाले की ते एजंटांच्या हाती लागायला वेळ लागत नाही.

पहिला नमुना मी बनवला तो बघून माझाच मला अभिमान वाटला होता. वर सोसायटीचं चिन्ह, मग अध्यक्षांचा फोटो, मग 'आमच्याविषयी', 'आमचं ध्येय', मग फिरती चित्रं, आणि त्याखाली कुठंतरी 'करिअर मार्गदर्शन'. जेकब नील्सन म्हणून एक गृहस्थ आहेत, वेबसाइट लोकांना कशी वापरता येते याचाच अभ्यास त्यांनी आयुष्यभर केला. त्यांनी 2000 साली लिहिलं होतं की पाच माणसांना समोर बसवून साइट वापरायला लावली तरी बहुतेक चुका उघड्या पडतात. मी जाळीच्या शेडमध्ये पाच जणांना बसवलं. तीन पोरं, एक पोरगी आणि एका पोराची आई. काम एकच दिलं: दहावीला 52 टक्के आहेत, गणितात 41, समुद्राशी संबंधित काहीतरी करायचंय, काय करता येईल ते शोधा. मी काहीच बोलायचं नाही, फक्त बघायचं.

मंडळी, अर्ध्या तासात माझा अभिमान उतरला. एक पोर अध्यक्षांच्या फोटोवर बोट ठेवून वाट बघत बसलं, त्याला वाटलं ते बटण आहे. दुसऱ्यानं शोधायच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत 'जहाज नोकरी' लिहिलं आणि शून्य उत्तरं आली, कारण मी सगळीकडे 'सागरी क्षेत्रातील संधी' असं लिहून ठेवलं होतं. तिसऱ्याचा नेटपॅक संपत आलेला, चित्रं उघडेपर्यंत त्यानं फोन खिशात घातला. आईनं थेट माईकचं चिन्ह शोधलं, कारण ती व्हॉट्सॲपवर बोलूनच काम करते, लिहीत नाही. आणि पोरगी सगळं शांतपणे बघून म्हणाली, "काका, यात मी कुठंय?" खरंच, सगळ्या फोटोंत मुलगेच होते. तिला मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही.

दुसरा नमुना वेगळा झाला. आता साइट उघडली की वर फक्त तीन प्रश्न आहेत. किती शिकलास? समुद्रावर काम करायचंय की जमिनीवर? घरापासून किती दिवस लांब राहशील? बोट लावलं की पुढचं पान. अध्यक्षांचा फोटो सगळ्यात खाली गेला, त्यासाठी त्यांचीच परवानगी घेतली आणि ते हसले. फिरती चित्रं काढून टाकली. लिहिणं युनिकोड मराठीत आहे, म्हणजे शोधता येतं, कॉपी करता येतं, फोनला वाचून दाखवता येतं. सरकारी पत्रकं स्कॅन करून टाकतात ना, त्यातला एक शब्दही शोधून मिळत नाही, तसं नको. प्रत्येक पान एकाच चित्रात व्हॉट्सॲपवर पाठवता येतं, कारण आपल्याकडे माहिती वेबसाइटवरून पसरत नाही, ग्रुपवरून पसरते. आणि शोधताना 'जहाज', 'शिप', 'मर्चंट नेव्ही', 'बोटीवर नोकरी' काहीही लिहा, एकाच ठिकाणी जाल.

अशा कामाचा आपल्याच किनाऱ्यावरचा धडा जुना आहे, विसरायला नको. हैदराबादच्या इनकॉइस संस्थेकडून मासळी कुठं मिळण्याची शक्यता आहे त्याचा अंदाज येतो. ती माहिती अक्षांश-रेखांशांत आणि समुद्रशास्त्राच्या भाषेत असली तर तांडेलाला तिचा पटकन उपयोग होत नाही. टीसीएस, इनकॉइस आणि सीएमएफआरआय यांनी मिळून रायगडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांसाठी एम-कृषी मत्स्य ही मोबाईल सेवा आणली, तेव्हा तीच माहिती मराठीत आणि रंगांच्या नकाशावर आली. वारा, लाट आणि मासळीची जागा एकत्र बघून कुठं जायचं आणि जायचं की नाही हे ठरवता येऊ लागलं. शास्त्र तेच होतं, दाखवायची तऱ्हा बदलली.

आता आतली माहिती. इथं जास्त जपून चाललोय, कारण चुकीची माहिती म्हणजे पोराचं वर्ष जातं.

उदाहरणादाखल, सिफनेट. कोचीची ही केंद्र सरकारी संस्था 1963 पासून आहे, चेन्नई आणि विशाखापट्टणमला तिची युनिटं आहेत. मासेमारी जहाजं चालवायचा व्हेसल नॅव्हिगेटर आणि इंजिनाचा मरीन फिटर, असे दोन वर्षांचे दोन कोर्स तिथं आहेत. दहावीला गणित आणि विज्ञानात 40-40 टक्के हवेत. म्हणजे वर ज्या पोराचं उदाहरण दिलं, गणितात 41, तो बसू शकतो! आपल्या गावात हे किती जणांना माहीत होतं? मी विचारलं, दोघांना. आणि हे कोर्स तर आपल्याच धंद्याचे.

मर्चंट नेव्हीत खालच्या पायरीवरून जायचं तर जीपी रेटिंग हा सहा महिन्यांचा कोर्स, वय साडेसतरा ते 25, दहावीला इंग्रजीत 40 टक्के लागतात. इथं आपली पोरं अडकतात, इंग्रजीत 37-38 वर. हे दहावीच्या आधी कळलं तर त्या एका विषयावर जोर देता येतो, निकालानंतर कळून काय उपयोग? म्हणून साइटवर आठवी-नववीच्या मुलांसाठी वेगळं पान आहे. अधिकारी व्हायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणितात 60 टक्के आणि मग आयएमयूची प्रवेश परीक्षा. रंग ओळखण्यात दोष असेल तर डेकवर घेत नाहीत, तेव्हा फी भरण्याआधी डोळे तपासा. ही ओळ मी मोठ्या अक्षरात टाकलीय. आणि या पानावर सगळ्यात वर, लाल चौकटीत: कोर्स करणारी संस्था आणि भरती करणारी कंपनी दोन्ही डीजी शिपिंगच्या यादीत आहेत का ते कसं बघायचं, एकेक पायरी, फोनच्या पडद्याच्या चित्रांसह. नोकरी लावून देण्याचे पैसे कुणी मागितले तर तिथंच थांबा.

तटरक्षक दलात नाविक म्हणून जनरल ड्यूटीला बारावी गणित-फिजिक्ससह, डोमेस्टिक ब्रँचला दहावी, वय 18 ते 22. आयटीआयचा डिझेल मेकॅनिक एका वर्षाचा. बंदरावर इंजिन दुरुस्तीला माणूस मिळत नाही म्हणून आपण किती दिवस नौका उभ्या ठेवतो, ते नाखवांना मी सांगायला नको. बर्फ कारखान्यांना आणि शीतगृहांना रेफ्रिजरेशनचे मेकॅनिक हवेच असतात.

आणि त्या पोरीला आता उत्तर आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं. बारावी सायन्सनंतर बीएफएससी. पुढं शिकायचं तर वर्सोव्याला सीआयएफई, 1961 ची संस्था, देशभरातून मुलं तिथं येतात आणि आपल्याला ती लोकलच्या अंतरावर आहे. 2020 च्या मत्स्यसंपदा योजनेत किनाऱ्यावरच्या गावांत सागर मित्र नेमायची सोय झाली, त्यासाठी मत्स्यशास्त्र किंवा प्राणीशास्त्रासारखी पदवी लागते. आपल्या गावात येऊन आपल्याच मासळीची नोंद बाहेरचं कुणी करण्यापेक्षा आपली पोरगी का नको? साइटवरच्या त्या पानावर आता वहीत नोंद करणाऱ्या मुलीचं चित्र आहे, आपल्याच गावातल्या एका पोरानं काढलेलं.

दाखल्यांचं पान करायला सगळ्यात जास्त वेळ गेला. आपल्यापैकी बऱ्याच घरांत जातीचा दाखला राज्याच्या विशेष मागास प्रवर्गातला, एसबीसीचा असतो. राज्यातल्या प्रवेशाला तो चालतो. पण केंद्राच्या फॉर्ममध्ये एसबीसी असा रकानाच नसतो, तिथं केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमिलेयर लागतं. पोरं ऐनवेळी गोंधळतात, खुल्या गटात फॉर्म भरतात आणि सीट जाते. जातवैधता वेगळी, तिला महिने लागतात. हे सगळं बंदीच्या आधीच काढून ठेवायला हवं, म्हणून साइटवर एक कॅलेंडर केलंय: नौका कधी बाहेर, बाप कधी घरी, आणि कुठला कागद कधी काढायचा.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'ही माहिती अमुक तारखेला तपासली' असं लिहिलंय. नियम बदलतात. तीन महिन्यांत तपासणी झाली नाही तर ते पान आपोआप पिवळं होतं आणि सांगतं की आधी मूळ ठिकाणी खात्री करा. जुनी माहिती देण्यापेक्षा हे बरं.

सभेत एका ज्येष्ठ नाखवांनी प्रश्न टाकला होता, तो इथं लिहिणं भाग आहे. ते म्हणाले, "सोसायटीच पोरांना धंदा सोडायला शिकवणार का? आधीच खलाशी परराज्यातून आणावे लागतात. उद्या तांडेलही आणायचे का?" सभागृह शांत झालं. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. माझ्याच घरात नौका आहे आणि भाऊ तांडेल शोधतोय. पण मला वाटतं, पोरं तशीही जाताहेतच. कुणी मॉलमध्ये, कुणी डिलिव्हरीच्या गाडीवर, कुणी त्या एजंटाच्या मागं. माहिती लपवून त्यांना थांबवता येणार नाही. मात्र त्यांच्या बोलण्यातून साइटवर एक पान वाढलं, ते मला आधी सुचलंच नव्हतं: 'नौकेवरच राहायचंय'. आपला धंदाही एक करिअर म्हणून मांडलाय. जीपीएस, फिशफाइंडर, व्हीएचएफ शिकायचं कुठं, नौकेची नोंदणी आणि परवाना कसा, वाटा कसा ठरतो, डिझेलच्या परताव्याचे कागद कुठले. आणि खर्च-उत्पन्नाचा खरा हिशोब, चांगल्या आणि वाईट दोन्ही हंगामांचा. तो हिशोब त्याच नाखवांनी स्वतःच्या वहीतून दिलाय. नाव घालू नका म्हणाले, घातलं नाही.

राहिली एक गोष्ट, भोपाळहून डोक्यात घेऊन आलेली. वेबसाइट कितीही सोपी केली तरी शेवटी पोराला माणसाशी बोलावंसं वाटतं. प्रत्येक पानाच्या तळाशी एक बटण आहे, दाबलं की सोसायटीच्या नंबरवर व्हॉइस मेसेज जातो. मराठीत, कोळी बोलीत, कसंही बोला. तो ऐकायला आणि उत्तर द्यायला सध्या तिघं तयार आहेत: जहाजावरून निवृत्त झालेले एक बोसन, शाळेतल्या एक बाई आणि मी. ज्याचं उत्तर आम्हाला येत नाही तिथं 'विचारून सांगतो' असं म्हणू, अंदाजानं काही सांगणार नाही. आम्हाला आणखी दोन-तीन माणसं हवीत. विशेषतः नर्सिंग, बँक, पोलीस भरतीतून गेलेली आपल्याच गावची मुलं-मुली. आठवड्यातून दोन तास द्या, पुरे.

साइट नारळी पौर्णिमेच्या आधी उघडायची आहे. त्याआधी तिसरी चाचणी घ्यायचीय. या रविवारी आणि पुढच्या रविवारी, दुपारी चार वाजता, सोसायटीच्या ऑफिसच्या मागच्या शेडमध्ये. पोरांनी स्वतःचा फोन आणावा, जुना असला तर अधिक चांगलं. आईबापांनीही यावं, आणि येताना घरातले दाखले एका पिशवीत घेऊन यावं, कुठला आहे आणि कुठला काढायचा राहिलाय ते तिथंच बघून देऊ. आणि हातात कुणा एजंटाचं ऑफर लेटर असेल तर पहिला हप्ता भरण्याआधी तेही घेऊन या.